साठीची मस्टँग बघायला जाताना

मंडळी, सुरुवातीलाच कबूल करतो, मी गाड्यांचा तज्ज्ञ वगैरे नाही. शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं आणि पोट भरतो सॉफ्टवेअरवर (आपल्यातल्या निम्म्या मंडळींची हीच कथा!). पण गेल्या वर्षी मंडळातल्या आमच्या एका काकांबरोबर जुनी गाडी बघायला जायचा योग आला आणि पुस्तकात शिकलेलं बरंच काही पंधरा वर्षांनी कामाला आलं. तेव्हा या पुस्तिकेसाठी "काहीतरी लिही" म्हटल्यावर ठरवलं, हेच लिहू. न जाणो, तुमच्यापैकी कोणाच्या मनातही एखादी जुनी गाडी दडून बसलेली असेल.

काकांची गोष्ट अशी. १९६७ च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते एम.एस. करायला न्यू जर्सीत आले. विमानतळावर घ्यायला आलेल्या सिनिअरकडे पांढरी १९६६ ची फोर्ड मस्टँग होती. अमेरिकेतला पहिला तासभर काकांनी त्या गाडीत काढला आणि मनात ठरवून टाकलं, नोकरी लागली की हीच घ्यायची. नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली, आईवडील राहायला आले आणि दारात आली जुनी स्टेशन वॅगन! पुढे व्हॅन, मग सेडान. मस्टँग राहूनच गेली. आता ऐंशीव्या वर्षी काका म्हणाले, "अरे, आता नाही तर कधी? रविवारी येतोस का बरोबर? एक बघून ठेवली आहे."

जाहिरातीतली गाडी लालभडक होती. मूळ व्ही-८ इंजिन, "गंज अजिबात नाही", किंमत सव्वीस हजार डॉलर. फोटो बघून काका विरघळले होते. काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तू नीट बघ हं. यांना आता काहीच दिसणार नाही."

आधी थोडा हिशोब

मस्टँग बाजारात आली १७ एप्रिल १९६४ रोजी, न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात. मूळ किंमत २,३६८ डॉलर. गाडी इतकी खपली की दोन वर्षं पुरी व्हायच्या आतच, मार्च १९६६ मध्ये, दहा लाखावी मस्टँग तयार झाली. नुसत्या १९६६ च्या मॉडेलच्या सहा लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. हे सांगायचं कारण म्हणजे "आज घेतली नाही तर हातची जाईल" ही भीती मनातून काढून टाका. ही गेली तर दुसरी मिळते. घाई विकणाऱ्याला असावी, आपल्याला नको.

१. कागद आधी, गाडी नंतर

आज प्रत्येक गाडीला सतरा आकडी-अक्षरी क्रमांक असतो, पण ती पद्धत १९८१ पासूनची. त्याआधी प्रत्येक कंपनीची आपली आपली भाषा. मस्टँगचा क्रमांक बॉनेटखाली, ड्रायव्हरच्या बाजूला, मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला असतो. ड्रायव्हरच्या दारावरही एक पट्टी असते, पण दार बदलता येतं. म्हणून खरा मानायचा तो ठोकलेला क्रमांक. मालकीच्या कागदावरच्या क्रमांकाशी तो अक्षर न् अक्षर जुळला नाही, तर गाडी कितीही सुंदर असो, चहा पिऊन घरी यायचं.

या क्रमांकात सगळी कुंडली असते. पहिला आकडा वर्षाचा, ६ म्हणजे १९६६. दुसरं अक्षर कारखान्याचं, 'एफ' म्हणजे डिअरबॉर्न, 'आर' म्हणजे सॅन होजे, 'टी' म्हणजे मटचेन. पुढचे दोन आकडे गाडीच्या प्रकाराचे. ०७ साधी दोन दारांची, ०८ उघड्या टपाची, ०९ मागे उतरत्या छपराची. पाचवं अक्षर इंजिनाचं. 'सी' आणि 'ए' म्हणजे २८९ घन इंचाचं व्ही-८, 'टी' म्हणजे २०० घन इंचाचं सहा सिलिंडरचं.

लाल गाडीचा क्रमांक सुरू होत होता ६ टी ०७ टी असा. दोन 'टी'. पहिल्या 'टी'ने काका हरखले, कारण मटचेनचा कारखाना म्हणजे आपल्या एडिसनमधलाच, रूट १ वरचा! १९४८ साली सुरू झालेला तो कारखाना २००४ साली बंद झाला. नोकरीच्या दिवसांत काका रोज त्याच्यासमोरून जायचे. पण दुसऱ्या 'टी'ने मी सावध झालो. ही गाडी कारखान्यातून निघाली सहा सिलिंडरची. मग बॉनेटखाली हे व्ही-८ कुठून आलं?

२. चाकाचे नट मोजा

इंजिन बदलणं हा गुन्हा नाही. पण कसं बदललं ते बघायला हवं. त्या काळी व्ही-८ मस्टँगच्या चाकाला पाच नट असायचे आणि सहा सिलिंडरवालीला चार. कारण दोन्हींचे ब्रेक वेगळे, मागचा अॅक्सल वेगळा, स्प्रिंगा वेगळ्या. १२० हॉर्सपॉवरच्या गाडीत २०० चं इंजिन घालायचं आणि थांबवायला जुनेच ब्रेक ठेवायचे, म्हणजे सायकलचे ब्रेक मोटारसायकलला लावण्यासारखं झालं! मी खाली वाकून मोजले. चारही चाकांना चार-चार नट. विकणारा म्हणाला, "मी घेतली तेव्हापासून अशीच आहे." असेलही. पण जाहिरातीत "मूळ व्ही-८" लिहिलं होतं.

रंगाचंही तसंच. दारावरच्या पट्टीवर रंगाचं अक्षर होतं 'एम', म्हणजे विम्बल्डन व्हाईट. डिकीच्या कोपऱ्यात आणि गालिच्याखाली मूळचा पांढरा रंग अजून डोकावत होता. रंग बदलला म्हणून गाडी वाईट ठरत नाही. पण ताज्या रंगाखाली काय झाकलंय, हा प्रश्न उरतोच.

३. गंज, गंज आणि गंज

१९९७ साली डोंबिवलीत बाबांनी सेकंडहँड प्रीमियर पद्मिनी घेतली (कुर्ल्याच्या कारखान्यातली, मूळची इटलीची फियाट ११००), तेव्हा गल्लीतले मिस्त्री बरोबर आले होते. त्यांनी इंजिन नंतर बघितलं. आधी बोटाच्या पेरांनी सगळा पत्रा वाजवला. चांगला पत्रा 'टण्ण' वाजतो आणि पुट्टी भरलेला 'ठप्प'. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो, पण तो आवाज कानात बसलाय. आजही तीच युक्ती चालते. जोडीला फ्रिजवरचा लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून न्या. पुट्टीच्या जाड थरावर तो चिकटत नाही. मागच्या चाकांच्या मागचा भाग आणि दाराच्या खालच्या कडा आधी तपासा.

मस्टँगला वेगळी चॅसी नाही. पत्र्याचा सांगाडा हाच गाडीचा कणा. त्यामुळे तळाचा गंज हा दिसण्याचा प्रश्न नसून ताकदीचा प्रश्न आहे. आपल्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं, त्यामुळे इथे आयुष्य काढलेल्या गाडीकडे दुप्पट संशयाने बघा. गालिचा उचलून तळ बघा. गाडीखाली टॉर्च घेऊन आडवे व्हा (जुने कपडे घालून जा). जॅकवर नुसत्या उभ्या असलेल्या गाडीखाली मात्र कधीही शिरू नका. पुढच्या स्प्रिंगांना धरणारे जे उंच पत्र्याचे खांब इंजिनाच्या दोन्ही बाजूंना असतात, तिथे चिरा शोधा. डिकीत पेट्रोलच्या टाकीभोवती बघा, कारण या गाडीत टाकीचा वरचा भाग हाच डिकीचा तळ असतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाण्याची चाचणी. पुढच्या काचेखाली हवा आत घ्यायची जाळी असते. तिच्या खाली पत्र्याची बंद पेटी आहे. साठ वर्षं त्यात पाणी आणि पालापाचोळा साचतो आणि ती आतून सडते. बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. मालकाची परवानगी घेऊन तांब्याभर पाणी जाळीत हळूहळू ओता आणि दुसऱ्याने आत डॅशबोर्डखाली टॉर्च धरावा. लाल गाडीत अर्ध्या मिनिटात टपटप सुरू झालं. ही पेटी दुरुस्त करायची तर मडगार्ड, बॉनेट, काच सगळं उतरवून वेल्ड उकलावे लागतात. पत्रा स्वस्त, मजुरी महाग. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला जुन्या प्रोग्रामवर चढवलेली नवी स्क्रीन म्हणतो. दिसायला झकास, आत हात घातला की रडू येतं!

४. इंजिन थंड असतानाच ऐका

गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर समजा, सुरू व्हायला कुरकुरणारं इंजिन तुमच्यासाठी आधीच तापवून ठेवलंय. दोन तास थांबा किंवा दुसऱ्या दिवशी या. थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडून बघा (गरम असताना कधीही नाही!). पाण्यावर तेलाचा तवंग नको आणि तेलाच्या पट्टीवर दुधाळ चिखल नको. सुरू केल्यावर धूर बघा. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर पाणी आत शिरतंय. जमलं तर प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकडे एकमेकांच्या जवळ हवेत, एखादाच फार खाली गेला तर गडबड आहे.

ब्रेकचं एक लक्षात ठेवा. १९६६ पर्यंतच्या मस्टँगमध्ये चारही चाकांना मिळून एकच ब्रेक ऑईलची वाट होती. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. दुहेरी वाट आली १९६७ च्या मॉडेलपासून. जुन्या गाडीत ती नंतर बसवता येते आणि बसवावीच. टायरची नक्षी बघून फसू नका. बाजूच्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे वाचा. २३०९ असेल तर टायर २००९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. कितीही नवा दिसला तरी त्यावर हायवेला जायचं नाही.

मग काय झालं?

परत येताना गाडीत कोणीच बोलत नव्हतं. मी यादी करून ठेवली होती. मालकाच्या बोलण्यातली तफावत, ब्रेक, अॅक्सल, सडलेली पेटी. पण साठ वर्षं वाट बघितलेल्या माणसाला "नको" म्हणणं हे कुठल्याही तपासणीपेक्षा अवघड आहे. शेवटी काकाच म्हणाले, "अरे, गाडी साठीची, मी ऐंशीचा. गंज दोघांनाही आहे."

मी म्हटलं, "काका, गंजाचं काही नाही. पण तुमचे रिपोर्ट तुम्ही लपवत नाही."

काका हसले. लाल गाडीचा विषय तिथे संपला.

त्यानंतर पाच महिन्यांत आणखी तीन गाड्या बघितल्या. चौथी पेनसिल्व्हेनियात मिळाली. क्रमांक तोच, ६ टी ०७ टी. पण ही प्रामाणिक सहा सिलिंडरची, पांढरी, चार नटांची. पाणी ओतलं, आत थेंब नाही. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा सडलेला होता आणि मालकाने तो आपणहून दाखवला. लाल गाडीच्या निम्म्याहून थोड्या जास्त किमतीत सौदा झाला. तरी पैसे देण्याआधी एका ओळखीच्या मेकॅनिककडून लिफ्टवर चढवून बघून घेतली. माझ्या अर्धवट ज्ञानावर काकांची पुंजी लावायची नव्हती. वाचलेल्या पैशांत तळाचा पत्रा, दुहेरी ब्रेक, पाच नवे टायर झाले, आणि विमाही ठरलेल्या किमतीचा घेतला. जुन्या गाडीला तसाच घ्यावा, नाहीतर अपघातानंतर कंपनी तिला नुसती जुनी गाडी समजून पैसे देते.

तेव्हा मंडळी, जुनी गाडी जरूर घ्या. फक्त जाताना टॉर्च, लोहचुंबक, तांब्याभर पाणी आणि त्या गाडीच्या प्रेमात नसलेला एक माणूस बरोबर न्या. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची.

पहिल्या फेरीला काकांनी मला शेजारी बसवलं आणि गाडी घेतली सरळ एडिसनला, रूट १ वर. कारखान्याच्या जागी आता दुकानं आहेत. काकांनी वेग कमी केला, एकदा हॉर्न वाजवला आणि म्हणाले, "बघ, घरी आली."

मागच्या सीटवर काकू होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "आता पुढे बघून चालवा."