प्रक्रिया नियोजक आणि संगणकीय खेळांची कामगिरी

प्रक्रिया नियोजक (शेड्युलर) हा संचालन प्रणालीच्या कर्नलमधील एक घटक आहे. चालण्यास तयार असलेल्या थ्रेडपैकी कोणत्या थ्रेडला, कोणत्या कोअरवर आणि किती काळ प्रोसेसर द्यायचा हे तो ठरवतो. संगणकीय खेळांमध्ये या निर्णयाचा परिणाम दर सेकंदाच्या सरासरी फ्रेमसंख्येपेक्षा फ्रेम वेळेवर तयार होण्यावर अधिक दिसून येतो.

पार्श्वभूमी

पडद्यावर सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या असतील तर प्रत्येक फ्रेम तयार करण्यासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ फ्रेमसाठी हा वेळ ६.९ मिलिसेकंदांवर येतो. या अवधीत खेळाचे तर्कशास्त्र, भौतिकी, ध्वनी आणि ग्राफिक्स कार्डाला द्यायच्या आज्ञा तयार करणे ही कामे वेगवेगळ्या थ्रेडमधून पार पडतात. हे थ्रेड एकमेकांवर अवलंबून असल्याने त्यांपैकी एकाला कोअर मिळण्यास ५ मिलिसेकंद उशीर झाला तरी संपूर्ण फ्रेम रखडते.

नियोजकापुढील पेच कृषी उत्पन्न बाजार समितीच्या वजनकाट्यावरील रांगेसारखा असतो. गाड्या आल्या त्या क्रमाने काट्यावर घेतल्या तर काटा क्षणभरही रिकामा राहत नाही, मात्र लहानशा पोत्यासाठी आलेल्या माणसालाही दहा ट्रकांमागे थांबावे लागते. लहान कामे वारंवार पुढे घेतली तर त्यांची प्रतीक्षा कमी होते, पण मोठी कामे लांबतात. एकूण काम अधिकाधिक व्हावे आणि प्रतिसाद तत्पर मिळावा ही दोन्ही उद्दिष्टे एकाच वेळी पूर्णपणे साधत नाहीत.

विंडोज

विंडोजचा नियोजक अग्रक्रमावर आधारित आहे. त्यात ० ते ३१ असे ३२ स्तर असून १६ ते ३१ हे स्तर वास्तवकालीन कामांसाठी आहेत. सर्वांत वरच्या स्तरावरील तयार थ्रेड आधी चालतो. समान स्तरावरील थ्रेड आळीपाळीने चालतात. वैयक्तिक वापराच्या आवृत्त्यांमध्ये समोरच्या खिडकीतील प्रक्रियेला मूळ व्यवस्थेनुसार पार्श्वभूमीतील प्रक्रियांपेक्षा मोठा कालखंड दिला जातो. पूर्ण पडद्यावर चालणाऱ्या खेळाला याचा आपोआप लाभ होतो. फार काळ ताटकळलेल्या थ्रेडचा अग्रक्रम तात्पुरता वाढवण्याची सोयही आहे, त्यामुळे खालच्या स्तरावरील कामे कायमची अडून राहत नाहीत.

विंडोज व्हिस्टामध्ये ध्वनी, चित्रफिती आणि खेळ यांच्या थ्रेडना प्राधान्य देणारी बहुमाध्यम नियोजन सेवा आली. २०१७ साली विंडोज १० मध्ये ‘गेम मोड’ समाविष्ट झाला. खेळ चालू असताना पार्श्वभूमीतील कामांना आवर घालणे हा त्याचा उद्देश आहे.

लिनक्स

लिनक्स कर्नलच्या २.६ आवृत्तीत इंगो मोल्नार यांनी लिहिलेला ओ(१) नियोजक होता. ऑक्टोबर २००७ मध्ये आलेल्या २.६.२३ आवृत्तीत मोल्नार यांचाच संपूर्ण न्याय्य नियोजक (सीएफएस) त्याच्या जागी आला. प्रत्येक थ्रेडने आतापर्यंत किती वेळ घेतला याचा भारित हिशेब ठेवून सर्वांत कमी वेळ मिळालेल्याला पुढे बोलावणे, हे त्याचे मूळ तत्त्व आहे.

व्यवसायाने भूलतज्ज्ञ असलेले ऑस्ट्रेलियातील प्रोग्रॅमर कॉन कोलिवास यांनी मोठ्या सर्व्हरपेक्षा घरगुती संगणकाच्या प्रतिसादाला महत्त्व देण्याची भूमिका मांडली. त्यांनी २००९ मध्ये बीएफएस आणि २०१६ मध्ये मक्स हे नियोजक प्रसिद्ध केले. हे दोन्ही मुख्य कर्नलमध्ये समाविष्ट झाले नाहीत, तरी खेळ खेळणाऱ्या वापरकर्त्यांमध्ये ते परिचित होते.

ऑक्टोबर २०२३ मधील ६.६ आवृत्तीपासून सीएफएसची जागा ईईव्हीडीएफ या नियोजकाने घेतली. त्याची मूळ कल्पना आयन स्टोइका आणि हुसेन अब्देल-वहाब यांनी १९९५ साली मांडली होती. यात न्याय्य वाट्यासोबत प्रत्येक थ्रेडसाठी एक आभासी अंतिम मुदत काढली जाते. लहान कालखंड मागणाऱ्या थ्रेडची मुदत लवकर येते, म्हणून एकूण वाटा न वाढताही त्याला लवकर संधी मिळते.

२०२४ मधील ६.१२ आवृत्तीत शेड-एक्स्ट ही यंत्रणा आली. तिच्यामुळे कर्नल पुन्हा न बांधता चालू संगणकावर वेगळा नियोजक लावता येतो. व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम डेक या हातातील खेळयंत्राचा विचार करून लिहिलेला एलएव्हीडी हा नियोजक या यंत्रणेवर चालतो. ज्या थ्रेडवर इतर थ्रेड वाट पाहत असतात तो ओळखून त्याला आधी चालवण्याचा प्रयत्न तो करतो.

असमान कोअर असलेले प्रोसेसर

२०२१ मध्ये इंटेलने ‘ऑल्डर लेक’ मालिकेत वेगवान आणि काटकसरी असे दोन प्रकारचे कोअर एकत्र आणले. खेळाचा मुख्य थ्रेड काटकसरी कोअरवर गेल्यास फ्रेम लांबते. त्यामुळे ‘कधी’ या प्रश्नाइतकाच ‘कुठे’ हा प्रश्नही महत्त्वाचा ठरला. थ्रेडच्या स्वरूपाची माहिती संचालन प्रणालीला पुरवण्यासाठी या प्रोसेसरमध्ये ‘थ्रेड डिरेक्टर’ हे परिपथ आहे. एएमडीच्या रायझन ९ ७९५०एक्स३डी (२०२३) या प्रोसेसरमध्ये कोअरच्या दोन गटांपैकी एकालाच अतिरिक्त कॅशे आहे. तेथेही खेळ योग्य गटावर ठेवावा लागतो.

मोजमाप

सरासरी फ्रेमसंख्येवरून नियोजकांची तुलना केल्यास दिशाभूल होऊ शकते. एका सेकंदात ५७ फ्रेम प्रत्येकी १६ मिलिसेकंदांत आणि एक फ्रेम ८८ मिलिसेकंदांत तयार झाली, तर सरासरी ५८ येते. प्रत्यक्षात मात्र पडद्यावर झटका जाणवतो. म्हणून प्रत्येक फ्रेमचा वेळ आणि सर्वांत संथ १ टक्का फ्रेमची सरासरी पाहिली जाते. संगणकावर खेळाखेरीज दुसरे काम नसेल आणि कोअर पुरेसे असतील, तर नियोजकांमधील फरक सहसा किरकोळ राहतो. खेळासोबत चित्रीकरण, थेट प्रक्षेपण किंवा प्रोग्रॅमचे संकलन चालू असताना तो स्पष्ट होतो.

चाचण्यांमध्ये तापमान स्थिर ठेवणेही आवश्यक असते. अकोला आणि अमरावती येथे मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सियसच्या वर जातो. अशा हवेत प्रोसेसर लवकर तापतो आणि स्वतःच्या संरक्षणासाठी वारंवारता कमी करतो. सकाळी एक नियोजक व दुपारी दुसरा तपासल्यास मोजला जाणारा फरक नियोजकाचा नसून उन्हाचा असू शकतो. त्यामुळे प्रत्येक चाचणी आलटून-पालटून अनेकदा घेणे योग्य ठरते.

मर्यादा

नियोजक प्रोसेसरची क्षमता वाढवत नाही. असलेल्या वेळेची वाटणी करतो. ग्राफिक्स कार्ड अपुरे असेल, स्मृती कमी पडत असेल किंवा जाळ्यातील विलंब मोठा असेल, तर नियोजक बदलून सुधारणा होत नाही. खेळाला वास्तवकालीन अग्रक्रम देणेही धोक्याचे असते: माऊस, ध्वनी किंवा डिस्क हाताळणारे थ्रेड मागे पडून संगणक प्रतिसाद देईनासा होऊ शकतो. जुन्या व मोजके कोअर असलेल्या संगणकावर पार्श्वभूमीतील अनावश्यक कामे बंद करणे आणि पंख्यांमधील धूळ काढणे हे उपाय नियोजक बदलण्यापेक्षा बहुधा अधिक उपयोगी ठरतात.

हे सुद्धा पहा

संचालन प्रणाली
लिनक्स कर्नल
मायक्रोसॉफ्ट विंडोज