तीन तास वीस मिनिटं

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात, म्हणजे आजच्या नवभारत विद्यालयात, राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. अध्यक्षस्थानी गांधीजी होते. हाताच्या उद्योगातून सात वर्षांचं मोफत, सक्तीचं, मातृभाषेतलं शिक्षण द्यावं आणि मुलांच्या उत्पादनातून शिक्षकाचा पगारही निघावा, अशी त्यांची मांडणी होती. पगाराच्या मुद्द्यावर परिषदेत बराच वाद झाला. शंका घेणाऱ्यांत जामिया मिलियाचे डॉ. झाकिर हुसेन होते, आणि अभ्यासक्रमाच्या समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडेच गेलं. विरोधी सूर लावणाऱ्याच्या हाती योजनेचा आराखडा देण्याचं हे मोठेपण मला आजही मोलाचं वाटतं. दीडेक महिन्यात अहवाल तयार झाला. आर्थिक बाजूवर फार भर दिला तर शिक्षणाचा हेतूच हरवेल, असा स्पष्ट इशाराही त्यात होता.

त्या अहवालातलं वेळापत्रक शिक्षकाच्या नजरेने वाचावं. शाळा रोज साडेपाच तास. त्यातले तीन तास वीस मिनिटं मूलोद्योगाला, म्हणजे हाताच्या मुख्य उद्योगाला, मातृभाषेला चाळीस मिनिटं, गणित, संगीत आणि चित्रकला मिळून चाळीस मिनिटं. सगळा भार एका गृहीतावर होता: त्या तीन तास वीस मिनिटांत मूल नुसतं कातत नाही, ते शिकतही असतं. नई तालीमची, म्हणजे या शिक्षणपद्धतीची, माणसं काम आणि शिकणं यांच्या या सांध्याला समवाय म्हणत. हे साधलं नाही तर उरते ती केवळ बालमजुरी. टीकाकारांचा आक्षेप हाच होता आणि तो अनाठायी नव्हता.

साधलं तर काय होतं? टकळीवर कातणाऱ्या मुलाचं गणित तारेपासून सुरू होतं. चार फुटांची एक तार, १६० तारांची लटी, चार लट्यांची गुंडी. मग एका गुंडीत सूत किती? २,५६० फूट; अर्धा मैल व्हायला ८० फूट कमी. इथून सुताच्या नंबराकडे, वजनाकडे, मजुरीच्या हिशेबाकडे जाता येतं. कापूस कुठून आला हे विचारलं की भूगोल सुरू होतो, आणि आपल्या वर्धा जिल्ह्यात तर इतिहासही दाराशीच आहे. एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटचा कापूस इंग्लंडच्या बाजारात नावानिशी ओळखला जात होता. इथला कापूस गाठींत बांधून जातो, तिकडून कापड होऊन परत येतो, मधला पैसा कोणाकडे राहतो? पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीचा, कापूस वेचून ज्याच्या आईची बोटं फाटतात, त्या मुलाला हा प्रश्न पुस्तकातून शिकवावा लागत नाही. पण शाळेने तो प्रश्न वर्गात यायला जागा द्यावी लागते.

हे काम उभं केलं ते ई. डब्ल्यू. आर्यनायकम आणि आशादेवी यांनी. दोघंही रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनातून वर्ध्याला आलेले. नई तालीमचं काम पाहणाऱ्या हिंदुस्थानी तालीमी संघाचा कारभार वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात त्यांनी सांभाळला. शांताबाई नारुलकरांनी पूर्वबुनियादी, म्हणजे बालवाडीच्या वयाच्या मुलांचं काम केलं. शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद १९४४ मध्ये चित्रकला शिकवायला आले आणि जवळजवळ दोन दशकं राहिले. पुढे शिक्षणतज्ज्ञ मार्जरी साइक्स आल्या. सेवाग्राम म्हणजे रुक्ष चरखा, अशी समजूत बाळगणाऱ्यांनी ही नावं आठवावीत. गाणं, चित्र आणि सण तिथे दिनक्रमाचाच भाग होते.

मला मात्र यातली सगळ्यात मोठी गोष्ट वेगळी वाटते. शाळेतलं कोणतं काम कोणी करायचं, हे तिथे बदललं. सफाई, रसोडा, शेत, हिशेब यांत मुलं आणि शिक्षक बरोबरीने असत. ज्या समाजात झाडू आणि मैला जातीने वाटलेला होता, तिथे ब्राह्मणाच्या मुलाने संडास साफ करायचा आणि दलित मुलाने सगळ्यांचा स्वयंपाक करायचा, ही अध्यापनपद्धतीच्या फार पलीकडची बाब होती. डॉ. अभय बंग सेवाग्रामच्या याच शाळेचे विद्यार्थी. ‘माझी जादूची शाळा’ या लेखात त्यांनी आपल्या त्या शिक्षणाविषयी लिहिलं आहे. आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक डी.एड. विद्यार्थ्याने तो वाचावा.

मग हे ओसरलं कसं? १९३९ मध्ये काँग्रेसची प्रांतिक मंत्रिमंडळं गेली, ४२ मध्ये कार्यकर्ते तुरुंगात गेले. स्वातंत्र्यानंतर सरकारने बुनियादी, म्हणजे याच पद्धतीच्या, शाळा वाढवल्या, पण पाटी बदलली आणि आतला वर्ग तोच राहिला. टकळी आली, समवाय आला नाही. विनोबांच्या भूदान चळवळीने माणसं ओढून नेली, तालीमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला. आणि पालकांना मॅट्रिकचा दाखला हवा होता. त्यांना मी दोष देणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या हातांनीच राबलेल्या घराला लेकरू खुर्चीवर बसलेलं पाहायचं असेल, तर त्यात चूक काय?

कोठारी आयोगाने १९६६ मध्ये ‘कार्यानुभव’ सुचवला. आमच्या पिढीच्या शिक्षकांना तो माहीत आहे तो तासिका म्हणून, गुणपत्रकातल्या श्रेणीपुरता. कागदाची फुलं, खडूची भुकटी, तपासणीच्या दिवशी टेबलावर मांडलेल्या वस्तू. पऱ्हाटीतलं तण, बोंड, सरकी यांची खडान्‌खडा माहिती असलेली पोरं त्या तासाला मान खाली घालून कात्रीने पुठ्ठा कापत.

वारं पुन्हा फिरलं ते २००५ मध्ये. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने काम आणि शिक्षण यांचा संबंध नव्याने मांडला, आणि त्याच वर्षी सेवाग्रामच्या जुन्या परिसरात नई तालीम समितीची ‘आनंद निकेतन’ ही मराठी माध्यमाची शाळा सुरू झाली. सुषमा शर्मा यांनी मुख्याध्यापिका म्हणून ती घडवली. मुलं आसपासच्या गावांतली, बरीचशी शेतकरी-मजुरांच्या घरची. बाग, स्वयंपाक, शिवण, सफाई हे इथे अभ्यासाचे विषय आहेत आणि दहावीची परीक्षाही मुलं देतात. सेवाग्रामच्या जुन्या शाळेपुढे बोर्डाच्या परीक्षेचा प्रश्न उभा राहिला होता. या शाळेने तो टाळला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

जिल्हा परिषदेच्या शाळाही या काळात बदलल्या. शिक्षण हक्क कायद्याने २०१० पासून मारावर बंदी आली. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ने ज्ञानरचनावाद गावोगाव नेला, फरशीवर अंक उमटले, मुलं बाकं सोडून गोलात बसू लागली. वर्गातली भीती कमी झाली, हा बदल खरा आहे आणि तो शिक्षकांनी घडवला आहे. पण शाळा कोणी झाडायची, खिचडीचा हिशेब कोणी ठेवायचा, मागच्या पडीक जागेत काय पेरायचं, हे ठरवणाऱ्यांत मुलं अजून फारशी नाहीत. आता २०२० च्या धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत. या दहा दिवसांत कुंभाराकडे, सुताराकडे सहल नेऊन परत आणणं सोपं आहे. मी म्हणेन, वर्ध्यातल्या शाळांनी ते दिवस जूनपासून फेब्रुवारीपर्यंत विभागून घ्यावेत आणि शाळेच्याच जमिनीत कापसाचं एक पीक पेरणीपासून वेचणीपर्यंत करावं. खर्च, भाव आणि उत्पन्नाची वही मुलांनी लिहावी, आणि ती वही पालकसभेत मुलांनीच वाचून दाखवावी. त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती यांनी ठरवलं की पुरे.