घट्टे पडेपर्यंत

मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलं. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र याच गावातलं. जुन्या मळ्यांना लागून आता सोसायट्या उभ्या आहेत. पुणे-दौंड मार्गावरच्या गाड्यांचे भोंगे ऐकू येतात अशा एका फ्लॅटमध्ये आठ महिन्यांच्या मुलीची आई पुन्हा गिटार शिकते आहे. मुलीला भोंग्यांची सवय झाली आहे. पिकचा तारेवरचा बारीक टकटकाट मात्र तिला जागं करतो, म्हणून आई नुसत्या अंगठ्याने छेडते.

कॉलेजात असताना ती बरी वाजवायची. मग नोकरी, लग्न, बाळंतपण, आणि गिटार माळ्यावर. ती खाली काढली, तारा बदलल्या आणि सी, जी, डी हे कॉर्ड बोटांनी न बघता धरले. विसरली होती ती बोटांची कातडी.

पोलादी तारांच्या गिटारवर सहा तारांचा मिळून ताण ७० किलोच्या आसपास असतो. घरी शिकवायला येणारा तरुण हा आकडा वरचेवर सांगतो. "ताई, ७० किलो आहेत. जोर लावून नाही जमणार, बोट फ्रेटच्या अगदी जवळ ठेवा." मानेवरच्या त्या धातूच्या पट्टीजवळ ठेवलं की कमी दाबातही सूर स्वच्छ येतो. तरी टोकं दुखतातच, आणि घट्टे पडेपर्यंत दुखणार. इतरांना ते काही आठवड्यांत पडतात. पण हिचे हात दिवसभर पाण्यात: लंगोट, दुधाच्या बाटल्या, अंघोळ. जरा कडक झालेली कातडी संध्याकाळपर्यंत पुन्हा मऊ होते. त्यात मालिशचं खोबरेल. हात धुऊन बसली तरी तारेच्या धातूचा आणि खोबरेलाचा मिळून एक वास तिच्या बोटांना येत राहतो. बाळ झाल्यावर वेळ मिळत नाही, हे सगळेच म्हणतात. या हातांबद्दल कुणी बोलत नाही.

वेळेची सोय सासूबाईंनी केली आहे. त्या नातीला घेऊन खाली चक्कर मारतात, तेवढी २० मिनिटं हिची.

कातडीपेक्षा तिच्या मनगटाचं दुखणं जास्त गंभीर. बाळाला काखेत धरून उचलताना अंगठा ताणला जातो आणि त्याच्या बाजूच्या स्नायुबंधांवर सूज येते. फ्रिट्झ द क्वेर्वेन या स्विस शल्यविशारदाने १८९५ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं. तान्ह्या बाळांच्या आयांमध्ये ते आजही नेहमीचं आहे. गिटारच्या मानेमागे दाब देतो तोही अंगठाच. म्हणजे दिवसभर बाळाने थकवलेल्या अंगठ्यालाच संध्याकाळी पुन्हा जुंपायचं.

म्हणून मास्तराने पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं टाकायचा एफ कॉर्ड बंद केला. त्याऐवजी तीन बोटांचा एफ मेजर सेव्हन, पहिली तार मोकळी. बारीक तारा चढवल्या, त्या अर्ध्या सुराने उतरवल्या आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावला. तेवढ्या उतरवण्याने ताण साधारण ११ टक्के कमी होतो, आणि सूर मूळ पट्टीतच राहतात. याला पळवाट म्हणणारे म्हणोत. ज्या हाताला अंगठा दुखत असतानाही बाळ उचलावंच लागतं, त्याला वाजवता यावं यासाठी केलेली ही कारागिरी आहे.

परवा तिने एक अख्खं गाणं न थांबता वाजवलं. एफ मेजर सेव्हनला दोनदा तार खरखरली. मास्तराने तेवढाच बदल तिच्याकडून पुन्हा पुन्हा करवून घेतला, पण मनगटाला हात लावून विचारल्यावरच. मनगट बरं झालं की कॅपो काढून तारा पूर्ण चढवायच्या, असं दोघांचं ठरलं आहे.