शब्दांआधीची भाषा : मुलांसाठी व कुटुंबांसाठी हालचाल आणि कलोपचार

मूल बोलू लागते ते साधारणपणे वर्ष-दीड वर्षाच्या सुमारास. परंतु त्याचे सांगणे जन्मापासूनच सुरू झालेले असते. भूक लागताच मुठी आवळणे, परका चेहरा दिसताच आईच्या खांद्यात तोंड लपविणे, वडिलांची चाहूल लागताच हातपाय नाचविणे ही सारी त्याची भाषाच होय. पुढे शब्द आले तरी ही भाषा लोप पावत नाही. मनावर मोठा आघात झाला, घरात सतत कलह असला, दीर्घ आजारामुळे रुग्णालयात राहावे लागले किंवा मुळातच वाचेच्या वाढीत अडथळा असला, तर शब्द मागे पडतात आणि शरीर बोलू लागते. अडचण अशी की, हे बोलणे ऐकण्याची सवय मोठ्या माणसांना नसते. कोपऱ्यात बसून राहणाऱ्या मुलाला घुमे म्हटले जाते. क्षणभरही स्वस्थ न बसणाऱ्याला वांड ठरविले जाते. अंगाला हात लावू न देणाऱ्याची गणना हट्टी मुलांत होते. अशी विशेषणे एकदा चिकटली की मूल आणि त्याचे कुटुंब यांतील अंतर वाढत जाते.

हे अंतर कमी करण्यासाठी हालचाल, नृत्य, चित्र, संगीत आणि नाट्य यांचा पद्धतशीर उपयोग करणारी उपचारशाखा गेल्या आठ दशकांत जगभर विकसित झाली आहे. महाराष्ट्रातही तिची ओळख हळूहळू होत आहे. तिच्याविषयी जितके कुतूहल आहे, तितकेच गैरसमजही आहेत. म्हणूनच ही पद्धती नेमकी काय आहे, तिच्यापासून काय अपेक्षावे आणि काय अपेक्षू नये, हे पालकांनी, शिक्षकांनी व अंगणवाडी सेविकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

शिकवणी नव्हे, संवाद

कलोपचार म्हणजे कलेची शिकवणी नव्हे. नृत्याच्या वर्गात पाऊल तालावर पडले की नाही हे पाहिले जाते आणि वर्षअखेरीस रंगमंचावर कार्यक्रम होतो. उपचाराच्या खोलीत रंगमंच नसतो आणि प्रेक्षकही नसतात. तेथे पाऊल चुकत नाही, कारण बरोबर पाऊल असे ठरलेलेच नसते. मुलाने काढलेले चित्र चांगले की वाईट, हा प्रश्न तेथे गैरलागू ठरतो. ते काढताना त्याचा हात कोठे थबकला, कोणता रंग त्याने दूर सारला, चित्राविषयी त्याला काही सांगावेसे वाटते काय, याकडे उपचारक लक्ष देतो. एखाद्या चित्रावरून किंवा हालचालीवरून घाईने निदान करणे मात्र तो कटाक्षाने टाळतो. काळा रंग वापरणारे प्रत्येक मूल दुःखी असते, असा कोणताही नियम नाही.

उगमाची कथा

हालचालींचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्यांत रुडॉल्फ लाबान (१८७९-१९५८) यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. ब्रातिस्लाव्हा येथे जन्मलेल्या आणि १९३८ पासून इंग्लंडमध्ये कार्य केलेल्या या नृत्यविचारवंताने वजन, वेळ, अवकाश आणि प्रवाह या चार घटकांच्या आधारे मानवी हालचालींचे विश्लेषण करण्याची रीत घालून दिली. हालचाल जोरकस आहे की हलकी, घाईची की संथ, थेट की वळणावळणाची, बांधलेली की मोकळी, हे पाहण्याची ही दृष्टी आजही अनेक नृत्योपचारकांच्या प्रशिक्षणाचा भाग आहे.

प्रत्यक्ष उपचारासाठी नृत्याचा वापर अमेरिकेतील नर्तिका मेरियन चेस यांनी केला. १९४२ पासून त्यांनी वॉशिंग्टन येथील सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात काम सुरू केले. रुग्णाला नाचावयास न लावता त्याच्या हालचालीशी आपली हालचाल जुळवून घेणे, ही त्यांची रीत होती. अमेरिकन नृत्योपचार संघटना १९६६ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिच्या पहिल्या अध्यक्षपदाचा मान त्यांच्याकडेच गेला.

चित्रकलेच्या क्षेत्रात इंग्रज चित्रकार एड्रियन हिल यांनी त्याच सुमारास, १९४२ मध्ये, 'आर्ट थेरपी' हा शब्दप्रयोग रूढ केला. क्षयरोगाच्या उपचारासाठी आरोग्यधामात असताना चित्रे काढल्याने मनाला मिळणारा आधार त्यांनी स्वतः अनुभवला होता.

मुलांच्या संदर्भात या इतिहासातील सर्वांत हृदयस्पर्शी प्रकरण मात्र एका बंदिवासातील आहे. व्हिएन्नात जन्मलेल्या चित्रकार फ्रीड्ल डिकर-ब्रांडाइस यांना नाझी राजवटीने डिसेंबर १९४२ मध्ये आजच्या चेक प्रजासत्ताकातील थेरेझिन येथे डांबले. आईवडिलांपासून तुटलेल्या, उपाशी आणि भेदरलेल्या मुलांना त्या तेथे चित्रकला शिकवीत. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांना आउश्विट्झ येथे नेऊन ठार करण्यात आले. तत्पूर्वी मुलांची सुमारे ४,५०० चित्रे दोन पेट्यांत लपवून ठेवलेली होती. युद्धानंतर ती हाती आली आणि आज प्राग येथील ज्यू संग्रहालयात जतन केलेली आहेत. ती काढणाऱ्या मुलांपैकी बहुतेक मुले वाचली नाहीत. कला त्यांचे प्राण वाचवू शकली नाही. परंतु भयाने ग्रासलेल्या मुलाला काही काळ तरी स्वतःचे मन सावरण्यास तिचा आधार मिळतो, हे त्या कागदांनी दाखवून दिले. डिकर-ब्रांडाइस यांच्या शिष्या एडिथ क्रेमर यांनी पुढे अमेरिकेत मुलांसाठीच्या कलोपचाराचा पाया घातला.

उपचाराच्या खोलीत काय घडते?

सत्राचा आरंभ बहुधा ठरावीक रीतीने होतो. सारे जण गोलात बसतात, प्रत्येकाचे नाव तालावर घेतले जाते, प्रत्येक जण एखादी हालचाल करतो आणि बाकीचे ती तशीच करून दाखवितात. शेवटही असाच ठरलेला असतो. दर वेळी तोच आरंभ आणि तोच शेवट असल्याने, पुढे काय होणार या धास्तीत वावरणाऱ्या मुलाला सुरक्षित वाटू लागते.

मधला भाग मुलाच्या कलाने चालतो. समजा, एक मूल खोलीत आल्यापासून हात झटकीत आहे आणि कोणाकडे पाहत नाही. उपचारक त्याला थांबवीत नाही. काही अंतरावर बसून तोही त्याच लयीत हात हलवितो. काही वेळाने लय किंचित संथ करतो. मुलाच्या ध्यानात येते की, आपल्या हालचालीला कोठून तरी उत्तर मिळत आहे. कदाचित ते क्षणभर थांबून पाहते आणि पुन्हा हात हलविते. तेवढ्या त्या एका दृष्टिक्षेपात संवादाचा प्रारंभ झालेला असतो. या तंत्रास प्रतिबिंबन असे म्हणता येईल. त्यात नक्कल नसते, चेष्टा तर नसतेच. 'तू जसा आहेस तसा मला दिसतोस' हा त्याचा अर्थ असतो.

आघात सोसलेल्या मुलांच्या बाबतीत कलेचा आणखी एक उपयोग होतो. जे स्वतःविषयी सांगता येत नाही, ते बाहुलीच्या, वाघाच्या किंवा वादळात सापडलेल्या होडीच्या गोष्टीतून सांगता येते. गोष्ट होडीची असल्याने मुलाला आडोसा मिळतो. आणि होडी किनाऱ्याला लावावयाची की नाही, हेही त्यालाच ठरविता येते. ज्याच्यावर आजवर सारे काही लादले गेले, त्याला निवडीचा हक्क परत मिळणे ही लहान गोष्ट नव्हे.

कुटुंबाला बाकावरून खोलीत

मूल आठवड्यातून तासभर उपचारकाजवळ असते. उरलेला सारा वेळ ते घरी असते. तरीही अनेक केंद्रांतून पालक बाहेरच्या बाकावर बसून राहतात आणि मूल 'दुरुस्त' होऊन बाहेर येण्याची वाट पाहतात. या उपचाराचे खरे सामर्थ्य पालक खोलीत येऊन बसले म्हणजे दिसून येते.

या दृष्टीने लाबान यांच्या विद्यार्थिनी, ब्रिटिश शिक्षिका व्हेरोनिका शेरबोर्न यांचे कार्य मोलाचे आहे. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी त्यांनी विकसित केलेल्या पद्धतीची मांडणी त्यांच्या १९९० मधील पुस्तकात आढळते. मुलाला स्वतःच्या शरीराची ओळख व्हावी आणि त्याला इतरांशी नाते जोडता यावे, ही दोन उद्दिष्टे त्यांनी डोळ्यांपुढे ठेवली. त्यासाठीचे खेळ तीन प्रकारांत मोडतात. पहिल्यात मोठे माणूस मुलाला सांभाळते : मांडीवर झुलविणे, पाठीवर घेणे, चादरीवर बसवून ओढणे. दुसऱ्यात दोघे एकमेकांचा भार समान पेलतात. तिसऱ्यात दोघे खेळीमेळीने एकमेकांविरुद्ध बळ लावतात, म्हणजे मुलाला आपली ताकद कोणाला न दुखविता आजमावता येते.

मराठी घराला यांतील पुष्कळसे परके वाटणार नाही. बाळाला पायांवर घेऊन झुलविणे हा पहिल्याच प्रकारातला खेळ. दुसऱ्या प्रकाराचे उत्तम उदाहरण म्हणजे फुगडी. हात घट्ट धरून दोघी मागे झुकतात. एकीने भार सोडला तर दोघींचा तोल जातो. विश्वास म्हणजे काय, हे शरीराला शिकविणारा याहून सोपा पाठ क्वचितच सापडेल. हे खेळ म्हणजे उपचार नव्हेत. परंतु उपचारक ज्या पायावर उभारणी करतो तो आपल्या अंगणात पूर्वीपासून आहे, एवढे त्यावरून दिसते.

पालकांच्या दृष्टीनेही हा अनुभव महत्त्वाचा ठरतो. विशेष गरजा असलेल्या मुलाच्या आईचा दिवस औषधे, व्यायाम, शाळा आणि शेजाऱ्यांची बोलणी यांत सरतो. मुलाशी होणारा प्रत्येक व्यवहार काहीतरी करवून घेण्याचा असतो. ज्यात काहीही करवून घ्यावयाचे नाही असा काही काळ त्याच्यासोबत घालविणे, हा तिलाही विसावा असतो. घरातील धाकट्या-थोरल्या भावंडांकडे नेहमी दुर्लक्ष होते; त्यांनाही या खेळांत बरोबरीचे स्थान मिळते.

भारतातील वाटचाल

भारतात या क्षेत्राची पायवाट तयार करणाऱ्यांत त्रिपुरा कश्यप यांचा समावेश होतो. कोलकाता येथे समाजशास्त्राच्या अभ्यासक व नर्तिका सोहिनी चक्रवर्ती यांनी २००४ मध्ये 'कोलकाता संवेद' ही संस्था स्थापन केली. मानवी व्यापाराच्या जाळ्यातून सुटलेल्या मुली व स्त्रिया यांच्या पुनर्वसनासाठी ही संस्था नृत्य व हालचालींचा उपयोग करते. ज्या शरीराची विटंबना झाली, तेच शरीर पुन्हा आपले वाटावे, हा त्यामागील विचार होय. या संस्थेच्या सहकार्याने मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत नृत्य-हालचाल उपचाराचा पदविका अभ्यासक्रम चालविण्यात आला. संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय अधिनियमाच्या अनुसूचीत कला व नृत्य उपचारकांचा उल्लेख झाल्याने या व्यवसायास कायद्याच्या चौकटीत स्थान मिळाले आहे.

मर्यादांचे भान

कोणत्याही उपचाराविषयी बोलताना पुरावा किती, हे विचारलेच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य यांविषयीच्या ३,००० हून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला आणि कलेचा आरोग्याला अनेक प्रकारे हातभार लागतो, असे नमूद केले. मात्र सर्वच निष्कर्ष सारखे भक्कम नाहीत. स्वमग्न मुलांना दिलेल्या संगीतोपचाराची मोठी चाचणी नऊ देशांतील ३६४ मुलांवर झाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत लक्षणांच्या तीव्रतेत नेहमीच्या उपचारांपेक्षा लक्षणीय फरक आढळला नाही. २०२२ मधील २६ अभ्यासांच्या एकत्रित आढाव्याने मात्र एकंदर सुधारणा आणि जीवनमान यांबाबत आशादायक चित्र मांडले. नैराश्यावरील नृत्योपचाराच्या २०१५ मधील आढाव्यात केवळ तीन अभ्यास व १४७ व्यक्ती होत्या. एवढ्यावरून ठाम निष्कर्ष काढता आला नाही.

यातून पालकांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. स्वमग्नता 'बरी' करून देण्याचे आश्वासन जो देतो, त्याच्यापासून दूर राहावे. वैद्यकीय तपासणी, वाचोपचार, शिक्षण यांना कलोपचार पूरक आहे, पर्याय नव्हे. चमत्काराच्या आशेने गमावलेली बालपणाची वर्षे परत मिळत नाहीत. उपचारकाचे प्रशिक्षण कोठे झाले, तो डॉक्टरांशी संपर्क ठेवतो काय, पालकांना सत्राविषयी माहिती देतो काय, स्पर्शापूर्वी मुलाची संमती घेतो काय आणि मुलाचा नकार मानतो काय, हे प्रश्न निःसंकोचपणे विचारावेत.

मदत कोठे मिळेल?

फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रात पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अंगणवाड्यांतून व शासकीय आणि शासन-अनुदानित शाळांतून केली जाते. वाढीतील विलंब आढळल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविण्याची व्यवस्था आहे. पहिले पाऊल तेथेच टाकणे हिताचे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य झाले असून त्यांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे. मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी 'टेलि-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर, तर संकटातील मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी उपलब्ध आहे.

आणि घरी? दिवसातील दहा-पंधरा मिनिटे मुलासोबत जमिनीवर बसावे. मोबाईल व दूरदर्शन संच बंद असावेत. खेळ मुलाने निवडावा, मोठ्यांनी त्याच्यामागून जावे. शिकविणे, सुधारणे, पाहुण्यांपुढे करून दाखविण्यास सांगणे यांपैकी काहीही त्या वेळेत करू नये. मूल एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करीत असेल तर आपणही ती करून पाहावी. यासाठी पैसा लागत नाही, मोठी जागा लागत नाही. लागतो तो धीर. जे मूल शब्दांनी सांगू शकत नाही, तेही सांगत असतेच. त्याचे सांगणे ऐकणारे माणूस त्याच्या घरातच असावे, एवढीच त्याची अपेक्षा असते, आणि ती पुरी करणे प्रत्येक कुटुंबाला शक्य आहे.