पाल म्हणजे दूध, राव!

'पालघर'मधली 'पाल' ऐकून तुम्हाला काय आठवतं? भिंतीवरची, चुकचुकणारी. पण बोईसर स्टेशनवर नव्याने उतरलेल्या तमिळ मुलाला विचारा, त्याला आठवेल दूध! तमिळ आणि मल्याळममध्ये पाल म्हणजे दूध, तेलुगूत पालु. 2014 साली ठाण्यातून वेगळा निघालेला आपला अख्खा जिल्हा त्याच्या कानाला निम्मा दुधाचा.

आपल्याकडे अशा गमतींना तोटा नाही. तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 पासून चालू आहे, त्याच्या कॉलनीत देशभरची कुटुंबं. शेजारचं तमिळ पोरगं 'काक्का' म्हणत बोट दाखवेल, तर काका शोधू नका, कावळा शोधा. 'सरी' म्हणालं तर पाऊस नाही, ते 'बरं' म्हणतंय. आणि त्याच्या सिक्सरला तुम्ही 'वा!' केलंत, तर ते बॅट टाकून तुमच्याकडे येईल. तमिळमध्ये 'वा' म्हणजे 'ये'.

हे होतं कसं? मराठी संस्कृतच्या कुळातली, तमिळ-तेलुगू द्राविडी. नातं नाही. पण माणसाच्या तोंडून निघणारे आवाज मोजके आणि शब्द हजारो, त्यामुळे टक्कर होणारच. अर्थात, दिसलं साम्य की म्हणा योगायोग, असंही नाही हं. आपलं तूप आणि कन्नड 'तुप्प' एकच, खायलासुद्धा! पालीला संस्कृतात पल्ली म्हणतात आणि तमिळमध्येही पल्लीच. तिथे शेजाऱ्यांची देवघेव दिसते. पाल दुधात पडली, तो मात्र निव्वळ योगायोग.

इथवर हसलात ना? आता एमआयडीसीत या. केमिकलची कंपनी, रात्रपाळी, मशीनचा आवाज. कुणीतरी ओरडतं, 'आग!' तुम्ही दरवाजाकडे धावाल. पण तेलुगूत 'आगु' म्हणजे 'थांब'. आंध्रातून कालच आलेला, हिंदीही नीट न कळणारा एखादा हेल्पर असेल, तर? त्या गोंगाटात शेवटचा 'उ' ऐकू आला की नाही, कोण बघतंय? पळायच्या क्षणी तो जागेवरच उभा राहू शकतो. उलट त्याने 'आगु!' म्हणून थांबवलं, तर तुम्ही पळत सुटाल.

म्हणून यंदा ट्रेनी लागणार असाल, तर पहिल्याच दिवशी चहाला शेजारच्या मशीनवाल्याला विचारून घ्या: भाई, तुझ्या भाषेत 'थांब'ला काय म्हणतात? आणि 'पळ'ला?