मानेची शस्त्रक्रिया आणि मनाचे दुखणे

आदिलाबाद-बोथ परिसरातील आपल्या मराठी घरांत मानेचे दुखणे अनोळखी नाही. डोक्यावरील ओझ्याने मानेच्या मणक्यांवर वर्षानुवर्षे ताण येतो. चकती सरकून मज्जातंतू दाबला गेला, तर शस्त्रक्रियेसाठी अनेकांना सुमारे ३०० किलोमीटरवरील हैदराबाद गाठावे लागते.

टाके निघाले की रोगी बरा झाला, अशी घरच्यांची समजूत होते. वस्तुतः इजा झालेला मज्जातंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने वाढतो. मानेपासून बोटांपर्यंतचे अंतर वाचकांनीच मोजून पाहावे! या दीर्घ काळात कळ थांबत नाही, झोप उडते; कापसाचा हंगाम डोळ्यांदेखत निघून जातो आणि कर्त्या माणसाला आपण घराला भार झालो, असे वाटू लागते. त्या खिन्नतेने वेदना अधिकच बोचते. तिला ‘सोंग’ म्हणणे हा, माझ्या मते, निव्वळ निर्दयपणा होय. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ सालीच वेदनेच्या व्याख्येत शारीरिक संवेदनेबरोबर भावनेलाही स्थान दिले.

अशा वेळी डॉक्टर कधी अ‍ॅमिट्रिप्टिलिन हे औषध अल्प मात्रेत देतात. ते मूळचे खिन्नतेवरचे. पण मज्जातंतूंची कळही शमवते. ‘वेड्याची गोळी’ म्हणून ते परस्पर बंद करू नये. मात्र हातापायांत नव्याने दुर्बलता आली, चाल अडखळू लागली वा लघवीवरचा ताबा सुटला, तर तो मनाचा खेळ न मानता तत्काळ शस्त्रवैद्यांकडे जावे.

जगणेच नकोसे वाटू लागले, तर रोग्याला एकटे सोडू नये. २०२२ साली सुरू झालेली सरकारी ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य मिळते.