वॉलआय मासा आणि वसंतांतील गळ

गळ टाकून मासे धरण्याची विद्या हा विषय आमच्या पुष्कळ वाचकांच्या पंक्तीबाहेरचा आहे, हें आम्ही जाणून आहों. आम्ही स्वतः शाकाहारीच आहों. तथापि कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' ग्रंथांत 'मत्स्यविनोद' नांवाचें प्रकरणच आहे. दोरी कशी वळावी, काठी कशी असावी, कोणत्या माशास कोणतें आमिष रुचतें, याचा विचार त्यांत एखाद्या शास्त्रीबुवांस शोभेल अशा बारकाईनें केलेला आढळतो. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेनें तो ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. जी गोष्ट राजानें संस्कृतांत लिहिली, ती आपण मराठींत वाचण्यास हरकत नसावी.

आजचा आमचा मासा मात्र सोमेश्वरास ठाऊक असणें शक्य नव्हतें. तो उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यांतला, नांव वॉलआय. मिनेसोटा राज्यानें १९६५ सालीं त्यास आपला राज्यमत्स्य ठरविलें. आपल्यापैकीं अनेकांचे मुलगे-सुना हल्लीं त्या बाजूस नोकरीनिमित्त राहतात. मे महिना आला कीं तेथील शेजारीपाजारी काठ्या घेऊन सरोवराकडे कां धांवतात, याचें त्यांना कोडें पडत असल्यास नवल नाहीं.

या माशाचें सारें मर्म त्याच्या डोळ्यांत आहे. शास्त्रीय नांवांतील 'व्हिट्रियस' या लॅटिन शब्दाचा अर्थच काचेसारखा असा आहे. मांजराप्रमाणें याच्याही नेत्रपटलामागें प्रकाश परतविणारा एक थर असतो; त्यामुळें अंधुक उजेडाचा त्यास दुप्पट उपयोग होतो. म्हणून पहांट, तिन्हीसांजा, ढगाळ दिवस किंवा वाऱ्यानें खळबळलेलें पाणी, या याच्या शिकारीच्या वेळा. भक्ष्य असलेल्या लहान मासोळीस त्या वेळीं नीट दिसत नाहीं आणि यास दिसतें. लख्ख उन्हांत तो खोल जाऊन स्वस्थ राहतो.

फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत मिनेसोटांतील बहुतेक सरोवरांत हा मासा धरण्यास कायद्यानें बंदी असते. बर्फ वितळून पाण्याचें उष्णमान सुमारें ४२ ते ५० अंश फॅरनहाइट झालें, म्हणजे वॉलआय नद्यांच्या मुखांशीं व खडकाळ किनाऱ्यांशीं येऊन रात्रीं अंडीं घालतो. मोठी मादी लाखांनीं अंडीं घालते, पण राखण कोणीच करीत नाहीं. तीं तशींच गोट्यांच्या फटींत टाकून माद्या खोल पाण्यांत विश्रांतीस जातात. नर मात्र कांहीं दिवस उथळांतच रेंगाळतात. म्हणून हंगामाच्या पहिल्या शनिवारीं, मध्यरात्रीं बंदी उठतांच नावा लोटणाऱ्यांच्या हातीं बहुधा लहान नरच लागतात.

माशाच्या अंगाची ऊब पाण्याइतकीच. थंड पाण्यांत त्याचें पचन मंद चालतें आणि पाठलाग करण्याची त्यास इच्छा नसते. आमिष लहान असावें, तळाजवळ असावें आणि सावकाश हालावें, हे तिन्ही नियम यांतूनच निघतात. यासाठीं सर्वांत जुनें व अजूनही सर्वांत भरंवशाचें साधन म्हणजे जिग. गळाच्या माथ्यावर शिशाची लहानशी गोळी ओतलेली. वजन औंसाच्या सोळाव्या हिश्शापासून चौथ्या हिश्शापर्यंत. गळास एक जिवंत मासोळी टोंचतात. सहा ते पंधरा फूट पाण्यांत तें सोडावें, तळ लागला कीं चार-सहा बोटें उचलावें आणि दोरी किंचित् ताणलेली ठेवून पुन्हां खालीं जाऊं द्यावें. मासा बहुतेक वेळां तें खालीं जात असतांनाच तोंडांत घेतो. तेव्हां हिसका बसत नाहीं. ओलें पान अडकावें तसा नुसता भार जाणवतो. गोळी निवडतांना जितकी हलकी चालेल तितकी घ्यावी, मात्र तळ लागल्याचें हातास कळलें पाहिजे. वारा वाढला तर वजन वाढवावें. नवशिक्या येथेंच फसतो. उत्साहाच्या भरांत तो काठी झटकीत राहतो.

दुसरें साधन ब्रेनर्ड गांवच्या लिंडनर बंधूंनीं १९६० नंतरच्या दशकांत प्रचारांत आणलें. त्यांत शिसें दोरीवर मोकळें सरकतें. माशानें आमिष घेतलें कीं दोरी सैल सोडावी, म्हणजे त्यास वजनाचा संशय येत नाहीं. तिसरें, लाकडाची नकली मासोळी. फिनलंडांतील लौरी रापाला या कोळ्यानें १९३६ सालीं बुचाचा तुकडा कोरून, त्यावर चमकता कागद गुंडाळून ती प्रथम बनविली. थव्यांतील जी मासोळी लंगडत पोहते तिच्यावरच मोठा मासा झडप घालतो, हें त्यानें नावेंतून पाहिलें होतें.

शिशाविषयीं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्याच सरोवरांत लून नांवाचा सुंदर पाणपक्षी राहतो. पाण्यांत पडलेली शिशाची गोळी त्याच्या पोटांत गेली तर तो विषानें मरतो. म्हणून कित्येक जण आतां कथील वा टंगस्टन वापरतात. सर्वांनींच तसें करावें, असें आमचें मत आहे.

इतकीं साधनें हातीं आल्यावर मासा उरावा कसा? राज्याच्या उत्तरेस रेड लेक हें विस्तीर्ण सरोवर आहे. त्याचा बहुतेक भाग ओजिब्वे लोकांच्या रेड लेक समाजाचा. पहिल्या महायुद्धांत, १९१७ सालीं, अन्नपुरवठ्यासाठीं तेथें विक्रीची मासेमारी सुरू झाली आणि युद्ध संपलें तरी ती चालूच राहिली. १९९० नंतरच्या दशकांत वॉलआय तेथून जवळजवळ नाहींसा झाला. तेव्हां ज्यांच्या चुली या माशावर पेटत होत्या, त्या ओजिब्वे कोळ्यांनींच १९९७ सालीं आपण होऊन जाळीं गुंडाळलीं. राज्यानें आपल्या बाजूचें पाणी बंद केलें तें १९९९ सालीं. हा क्रम आम्हांस विसरण्याजोगा वाटत नाहीं. त्याच वर्षीं दोघांत करार झाला आणि १९९९, २००१ व २००३ या सालीं सरोवरांत कोट्यवधि पिलें सोडण्यांत आलीं. मध्यंतरीं पाणी समोर असून कोळ्यांचीं घरें त्या उत्पन्नावांचून राहिलीं. २००६ च्या मे महिन्यांत राज्याचें पाणी पुन्हां खुलें झालें. ओजिब्वे लोकांनींही त्या वर्षीं विक्रीचे मासे धरण्यास आरंभ केला. पण प्रथम जाळ्यांनीं नव्हे, गळानें, एक-एक करून.